‘त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?’ : वडिलांच्या मधुमेहाबद्दल एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

पलूस तालुक्यातल्या एका ताईंनी वडिलांबद्दल विचारलं आहे. आण्णा ५४ वर्षांचे. थोडा ऊस, थोडी द्राक्षबाग. गावात तपासणी शिबिर झालं, बोटाला टोचून साखर पाहिली तर जास्त निघाली. मग लॅबमध्ये रक्त दिलं: उपाशीपोटी १५२, जेवणानंतर दोन तासांनी २३८, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी तपासणी) ८.२. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहून दिली. आण्णांनी चार दिवस घेतली, पोट बिघडलं, सोडली. आता कुणीतरी दिलेली पावडर सकाळ-संध्याकाळ चालू आहे, चहात साखरेऐवजी गूळ पडतोय आणि आण्णांचं म्हणणं ठाम आहे: ‘मला काय बी त्रास नाही. एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही.’ ताईंनी विचारलंय: हा खरंच मधुमेह आहे का, गोळीशिवाय भागेल का, आणि आण्णांना पटवायचं कसं?

ताई, मी सांगलीत फिजिशियन आहे आणि तुमच्या भागातले कितीतरी आण्णा माझ्याकडे येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हो, हा मधुमेहच आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, यांतलं काहीही आलं तर मधुमेह धरतात. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर विसंबत नाहीत, दुसरा पुरावा घेतात. आण्णांचा उपाशीपोटीचा आकडा आणि एचबीएवनसी दोन्ही रेषेच्या चांगलेच वर आहेत, म्हणजे पुरावा पुरेसा झाला. शिबिरातली बोटाची तपासणी शंका घेण्यापुरती असते. तुम्ही शिरेतलं रक्त देऊन खात्री करून घेतलीत हे उत्तम केलंत. ‘बॉर्डरला आहे’ असं कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. बॉर्डर म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५, एचबीएवनसी ५.७ ते ६.४. आण्णा तिच्या पुढे गेलेत.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. आदल्या दिवशी गोड टाळून ती खाली आणता येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: लोह कमी असलेल्या माणसात हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं सर्रास, त्यामुळे आईची तपासणी कराल तेव्हा हिमोग्लोबिन सोबत करा. आण्णांच्या बाबतीत तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत, तिथे शंकेला जागा नाही.

आता त्या ‘त्रास नाही’कडे येतो, कारण तुमच्या घरातली खरी अडचण तीच आहे. आण्णा खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही होत नाहीये. तहान तहान होणं, वारंवार लघवी, वजन उतरणं ही सगळ्यांना पाठ असलेली लक्षणं साखर खूप चढल्यावरची आहेत. किडनी रक्त गाळताना त्यातली साखर परत आत घेते. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की तिला हे झेपत नाही. मग साखर लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त होते आणि म्हणूनच तहान लागते. सकाळी १५२ असलेल्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागत नाहीत. जेवणानंतर थोडी साखर उतरत असेल, पण ती कळत नाही. आणि रात्री एकदा उठावं लागलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

पण १८० च्या खालची चढी साखरही रक्तवाहिन्यांना बाधतेच. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या, किडनीतल्या गाळण्या, पायाच्या नसा या तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं नुकसान होत राहतं आणि तिन्ही ठिकाणी दुखत नाही. पडद्याच्या कडेला रक्त झिरपत असलं तरी मधली नजर शाबूत असते, तोवर माणूस आरामात पेपर वाचतो. किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी लघवी नेहमीसारखीच होते. आणि नसांचं तर काय, दुखतंय हे सांगायचं काम ज्यांचं, त्याच बधिर होत असतात. टाइप २, म्हणजे आण्णांसारखा मधुमेह सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा काही वर्षं अंगात असतोच. म्हणून निदान झाल्या झाल्या आम्ही डोळे, पाय आणि लघवी तपासायला सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावरचे असा अंदाज निघाला. त्यातल्या कितीतरी जणांना आण्णांसारखाच काही त्रास नसणार.

‘आम्ही राबणारी माणसं, आम्हाला साखर कशी होईल?’ हे वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही, पण आण्णा ते म्हणत असणार याची मला खात्री आहे. एके काळी त्यात बरंच तथ्य होतं. आज पाणी ठिबकवर, फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं, शेतात जाणं मोटारसायकलवर, ऊस तोडायला टोळी. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत अंग मोडेपर्यंत काम, आणि मधल्या दिवसांत बांधावर उभं राहून देखरेख. काम बदललं, ताटातला भाकरी-भात मात्र तेवढाच राहिला.

आण्णा अंगानं बारीक असतील तर त्याचाही आधार घेऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो या आकड्यांसह छापून आला, आणि आपल्याकडचा मधुमेह समजावताना मी तो फोटो आजही दाखवतो. आपली माणसं हातापायानं काटक दिसतात, चरबी पोटात आणि यकृतावर बसलेली असते. म्हणून वजनकाट्याच्या आधी टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली तर ती आपल्या लोकांसाठी जास्त धरतात.

गोळी. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस पोट बिघडणं, गॅस, मळमळ हे नेहमीचं आहे, आणि रिकाम्या पोटी घेतली की जास्तच होतं. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, रात्री जेवता जेवता किंवा ताटावरून उठल्या उठल्या. आठवडाभर तेवढीच. मग सोसेल तशी डॉक्टर वाढवतील. सावकाश विरघळणारी, पाकिटावर एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी मागा. तिनं पोटाला त्रास कमी होतो. बहुतेकांचं दोन आठवड्यांत ठीक होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, पण गुपचूप सोडून देऊ नका, जाऊन सांगा. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. सुरू करताना क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) एकदा पाहायचं, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासायचं, कारण ते कमी होऊ शकतं.

‘गोळ्यांनी किडनी जाते’ हे पारावरचं सगळ्यात घट्ट बसलेलं वाक्य. ते कुठून आलं असावं हे मला कळतं. किडनी खूप खालावली की आम्ही मेटफॉर्मिन बंद करतो, कारण मग ती अंगात साठते. लोकांनी बघितलं: गोळी चालू होती, किडनी गेली, डॉक्टरनी गोळी बंद केली. अर्थ उलटा लागला. किडनी घालवते ती चढती साखर आणि चढता रक्तदाब. आणि आपल्या भागात तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणी विचारतच नाही: कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक महिनोन्‌महिने रोज घेणारी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात आणि साखरेच्या गोळीला घाबरतात. आण्णा घेत असतील तर आधी त्या थांबवा.

जन्मभर सुटत नाही का? काहींची सुटते, आणि हे मी केवळ आशा दाखवायला म्हणत नाही. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती आणि वजन जास्त होतं, अशा लोकांचं वजन काटेकोर आहारानं उतरवलं. वर्षाच्या शेवटी त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. मात्र मधुमेह मुळापासून जात नाही, मागे हटतो. वजन परत आलं की तोही परततो. आण्णांचं वजन आणि पोट जास्त असेल तर ही वाट त्यांना खुली आहे, आणि ती पहिल्या काही वर्षांतच खुली असते. अंगानं बारीक माणसाला इतकं मिळेल असं वचन मी देणार नाही.

पण ८.२ ला गोळीशिवाय वाट बघत बसा, असं मी कुणालाही सांगत नाही. ब्रिटनमध्येच १९९८ साली जाहीर झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसलं की निदानापासून साखर काटेकोर आटोक्यात ठेवलेल्या गटात, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा, डोळे-किडनीसारख्या बारीक वाहिन्यांचे आजार २५ टक्क्यांनी कमी झाले. त्याहून मोलाची गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली होती, तरी ज्यांनी सुरुवातीची वर्षं सांभाळली होती त्यांना दहा वर्षांनंतरही फायदा मिळतच होता, हार्ट ॲटॅकसुद्धा कमी. म्हणजे आण्णांची आत्ताची तीन-चार वर्षं पुढच्या वीस वर्षांची तजवीज आहेत. गोळी आणि ताट आणि चालणं एकत्र सुरू करू. आकडे उतरले की डोस कमी करायची गोष्ट मी स्वतःहून काढेन, हे आण्णांना माझ्यातर्फे सांगा.

पावडर आजच बंद. कारलं, मेथी भाजी म्हणून खुशाल खावी. लेबल नसलेली पुडी ही वेगळी गोष्ट आहे. अशा पुड्यांत ॲलोपॅथीची साखर उतरवणारी औषधं मिसळलेली सापडली आहेत. साखर उतरते, माणूस खूश होतो, पोटात किती डोस जातोय हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि एखाद्या दिवशी जेवायला उशीर झाला की शेतातच चक्कर येऊन पडतो. गुडघेदुखीच्या पुड्यांचं उलटं होतं: त्यात स्टेरॉइड असलं की साखर भडकते. अचानक साखर का वाढली, हे विचारताना मी ‘दुखण्यावर काय घेता?’ हा प्रश्न आधी विचारतो.

खाण्याबद्दल तुम्ही गुळाचं लिहिलंत. गूळ उसाचाच, साखरही उसाचीच. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, बाकी सगळी साखरच. आण्णांचे दिवसाचे चहा मोजा. बागायतदाराच्या घरी पाच-सहा सहज होतात. पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे गोड म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर नुसत्या कपातून. गूळ, काकवी, मध सगळ्यांना हाच हिशेब. दोन चहा, बिनगोडाचे. पंधरा दिवस तोंडाला बेचव लागतं, मग तोच चहा चालायला लागतो.

ज्वारीच्या भाकरीनं साखर चढतच नाही, हाही एक समज. ज्वारी चांगली, तिच्यात तंतू जास्त, मी तीच खायला सांगतो. पण शेवटी ते पीठ आहे आणि तीन मोठ्या भाकरींवर भात घेतला तर २३८ येणारच. आण्णांचं ताट असं वाढा: अर्ध्या ताटात पालेभाजी, वांगी-दोडका-गवार, काकडी, मुळा, कांदा. पाव ताटात डाळ-उसळ, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पावात भाकरी, नाहीतर भात, दोन्ही नको. आधी भाजी आणि उसळ निम्मी खायची, मग भाकरीला हात घालायचा. एवढ्या क्रमानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडचा अख्खा मसूर आणि एक-दीड भाकरी हे मधुमेह्याचं फार छान जेवण आहे, फक्त धाब्यावरचा तेलाचा तवंग आणि वरून मागवलेला भात नको.

भडंग हलका वाटतो म्हणून सगळे खातात. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, तो पोटात फार लवकर साखर होतो. शेंगदाणे जास्त आणि चुरमुरे नावाला, असा मूठभर घ्या. उपवासाचा साबुदाणा तर निव्वळ पिठूळ. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला येणाऱ्यांचे आकडे बघून मला विचारावंच लागत नाही. उपवास करायचाच असेल तर शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, थोडी भगर किंवा राजगिरा.

द्राक्षांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाग घरची असल्यावर बोलायलाच हवं. दहा मण्यांत साधारण आठ ग्रॅम साखर असते. मधल्या वेळी दहा-बारा मणी खाल्ले तर काही बिघडत नाही. बिघडतं ते काढणीच्या दिवसांत, तोडता तोडता चव बघण्यात, कारण तिथे मोजमाप राहत नाही. बेदाण्याचं गणित आणखी कडक: पाणी उडून गेलेलं असतं, ३० ग्रॅमच्या मुठीत सुमारे २० ग्रॅम साखर. तासगाव-पलूसकडे पाहुण्यापुढे बशीत बेदाणे येतातच. दोन-चार उचलावेत आणि बशी पुढे सरकवावी.

चालण्याचं एवढंच सांगतो की तिन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हे पहाटेच्या एका फेरीइतकंच मोलाचं. स्नायू हलत असताना ते रक्तातली साखर इन्सुलिनवर फार अवलंबून न राहता ओढून घेतात. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरली पाहिजेत. शेतात मोटारसायकल थोडी अलीकडे लावली तरी निम्मं काम होतं.

आता पायांबद्दल, आणि इथे मला घाई करायची नाही. आपल्या भागात मधुमेह माणसाला सगळ्यात जास्त गाठतो तो पायात, कारण काम मातीतलं, पाण्यातलं आणि अनवाणी. माझ्याकडे एक शेतकरी साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. चपला काढायला सांगितल्या तर उजवी चपल पायापासून सुटेना. टाचेतला खिळा वर येऊन तळव्यात रुतला होता, आणि ते सकाळपासून तसेच चालत होते. जखमेभोवती कातडी पांढरी पडलेली, खाली पू. त्यांनी पाय बघितला आणि म्हणाले, ‘कवा लागलं?’ त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनाही काही त्रास नव्हता.

पाय बधिर होण्याची सुरुवात बोटांपासून होते. रात्री मुंग्या, चटका बसल्यासारखं, कापसावर चालल्यासारखं वाटणं, चपल पायातून निसटून गेली तरी न कळणं. काहींना तर मुंग्याही येत नाहीत, सरळ बधिरपणा येतो. तपासणी सोपी आहे: नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याच्या ठरावीक ठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून ‘लागलं का’ विचारतात. दोन मिनिटांचं काम. निदानानंतर लगेच आणि मग दर वर्षी करून घ्या. घरी रोज रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा खाली धरायचा, नाहीतर आईंनी बघावं. भेगांना खोबरेल तेल लावा, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडनं तासायचं नाही. थंडीत पाय शेकायला गरम पाण्यात घालायचे नाहीत. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि फोड उठतो. पाचटात, सरीत, बागेतल्या काट्यांत बंद बूट घालूनच उतरायचं, आणि बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटकायचा. घरातही चपल हवी. मऊ एमसीआर रबराची चपल मिळते, कडक चामड्याच्या चपलेपेक्षा बधिर पायाला ती बरी. तंबाखू किंवा बिडी असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या दोन्हीकडून मारल्या जातात. ती सुटली तर निम्मी लढाई जिंकली. आणि कुठलीही जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, लाल झाली, वास यायला लागला, तर हळद लावून वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

गोळ्या पुढे वाढल्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन आलं, तर साखर खाली जाण्याचा धोका येतो. अचानक घाम, थरथर, छातीत धडधड, कडाडून भूक, चिडचिड, बोलणं भरकटणं. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र नसेल पण लक्षणं असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, उतरलेलीच असेल तर परत द्या, मग जेवण. इथे साखरच हवी, बिनसाखरेचं सरबत नव्हे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. एकादशी, नवरात्र, किंवा लोणंद-फलटणच्या वाटेनं वारीला जायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या. ‘उपवास आहे’ म्हणून जेवण गाळायचं आणि गोळी तेवढीच घ्यायची, यातून माणसं बेशुद्ध होऊन येतात.

वर्षातून एकदा: बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन), क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पाय. एचबीएवनसी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. रक्तदाब प्रत्येक भेटीत, १३०/८० च्या आसपास ठेवायचा. आण्णांच्या वयात कोलेस्टेरॉलची गोळीही बहुतेक लागेल, तीसुद्धा हृदयासाठी, आकडा फार चढलेला नसला तरी. खर्चाचं अडत असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, आणि मेटफॉर्मिन ही जनऔषधी दुकानात फार स्वस्त मिळणारी गोळी आहे.

पटवायचं कसं? किडनी-डोळ्यांची भीती घालून माणूस दोन दिवस ऐकतो, मग तुम्हालाच टाळायला लागतो. आण्णांशी त्यांच्या बागेच्या भाषेत बोला. ढगाळ हवा आली, पानावर डाऊनी रोगाचा एकही डाग नाही, तरी ते फवारणी घेतात का? घेतात, कारण डाग दिसल्यावर घड हातचे गेलेले असतात. माती परीक्षण करतात, देठ परीक्षण करतात, ब्रिक्स, म्हणजे मण्यातली गोडी, मोजल्याशिवाय माल काढत नाहीत. बाग आकड्यांवर चालवणारा माणूस आहे तो. त्याच्या हातात त्याचे स्वतःचे आकडे द्या.

एक ग्लुकोमीटर घ्या आणि आण्णांनाच मोजू द्या. एक दिवस दोन भाकरी, भात आणि गुळाचा चहा, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी मोजायचं. दुसऱ्या दिवशी उसळ-भाजी भरपूर, एक भाकरी, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, पुन्हा दोन तासांनी. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवायचे, त्यांच्याच अक्षरात. मोजण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करायचे. द्राक्षं हाताळलेल्या बोटाला टोचलं तर यंत्र बोटावरची साखरही मोजतं आणि आकडा भलताच येतो. घरच्या यंत्रात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे १४८ आणि १५५ वर वाद घालत बसू नका. २३८ आणि १६० मधला फरक मात्र खरा असतो, आणि तो आण्णांनी स्वतः पाहिला की माझ्या चिठ्ठीपेक्षा तो जास्त काम करतो. पुढच्या भेटीला आईंना सोबत आणा. चूल त्यांच्या हातात आहे.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७ च्या आसपास आलं तर आहे तेच चालू ठेवू. आलं नाही तर दुसरी गोळी जोडू, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मध्येच वजन झपाट्यानं उतरायला लागलं, खूप तहान-लघवी, उलट्या, धाप लागली तर तीन महिने थांबायचं नाही. घरात एखाद्या लहान मुलाला अशी लक्षणं आली, अंथरुणात लघवी व्हायला लागली, तर त्याच दिवशी साखर तपासा. मुलांमधला टाइप १ हा वेगळा आजार आहे, तिथे नुसत्या आहारावर किंवा गोळ्यांवर भागत नाही, पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागतं आणि उशीर जिवावर बेततो.

आणि ताई, तुमचं. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह म्हणजे तुमचा धोकाही वाढलेला आहे. गरोदर राहाल तेव्हा पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात, आणि पहिली नीट आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची असते. एरवीही एकदा कंबर मोजा, उपाशीपोटी साखर बघा. भाऊ असेल तर त्याचीही याच वेळी करा. ३० वर्षांवरच्या कुणाचीही मधुमेह आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.